मुलांच्या बद्धकोष्ठतेवरचा तो मेसेज आणि बंद पडलेलं औषध

तो मेसेज माझ्या बहिणीपर्यंतही पोचला आणि तिने लेकाचं औषध परस्पर बंद केलं, म्हणून लिहिणं भाग आहे. मेसेजचं म्हणणं असं: रेचकाने आतडी आळशी होतात, जन्माची सवय लागते, भरपूर पाणी आणि चोथा दिला की पुरे, दूध तोडा, आणि चड्डी खराब करणारं मूल हट्टी असतं, त्याला शिस्त लावा.

आळशी आतड्यांची भीती आधी घेऊ, कारण औषध बंद झालं ते तिच्यामुळे. बालरोगतज्ज्ञ सहसा पहिल्यांदा देतात ते पॉलीइथिलीन ग्लायकॉल. ते रक्तात जवळपास शोषलंच जात नाही; पाणी धरून ठेवतं आणि शी मऊ करतं, बस्स. आतड्याला चाबूक मारत नाही. युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या मुलांच्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनांनी २०१४ साली मिळून काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत हेच औषध पहिल्या पसंतीचं आहे. आधी साठलेला मळ मोकळा करायचा, मग किमान दोन महिने औषध चालू ठेवायचं, आणि सगळा त्रास थांबून महिना झाल्यावरच हळूहळू कमी करायचं. दोन दिवस पोट साफ झालं म्हणून थांबवलं की खडा पुन्हा धरतो. आणि मग लोक म्हणतात, बघा, सवय लागली!

हट्टाचा मुद्दा वाचून तर संताप आला. एकदा कडक शी होताना दुखलं की मूल पुढच्या वेळी घाबरून ती दाबून धरतं. भाचा पडद्यामागे जाऊन चवड्यांवर उभा राहतो, पाय ताठ, चेहरा लालबुंद. घरच्यांना वाटतं जोर करतोय. तो रोखत असतो. असं साठत गेलं की गुदाशय ताणला जातो, जाणीव बोथट होते आणि कडक खड्याच्या कडेने पातळ शी झिरपते. चड्डीला लागते ती हीच. मुलाला ती कळतसुद्धा नाही! त्याबद्दल ओरडलात तर ते आणखी दाबून धरणार. जेवणानंतर पाच-दहा मिनिटं, पायाखाली पाट देऊन, न रागावता बसवा.

पाणी आणि चोथा वयानुसार पुरेसा हवाच, त्यात वाद नाही. पण त्याच सूचनांनुसार नेहमीपेक्षा जादा देऊन उपचार होत नाही. दुधाचं म्हणणं अर्धं खरं, मान्य करते: काही मुलांना गाईच्या दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी असते. मात्र इतर उपचार लागू पडत नसतील तर दूध दोन ते चार आठवडे डॉक्टरांच्या देखरेखीखाली थांबवून पाहतात, सरसकट तोडत नाहीत.

आणि जे सांगायला हवं होतं त्याचा मेसेजमध्ये पत्ताच नाही. जन्मानंतर पहिली शी ४८ तासांत झाली नसेल, पोट फुगत असेल, हिरवी उलटी होत असेल किंवा वजन वाढत नसेल, तर घरगुती उपाय करत बसू नका, मुलाला ताबडतोब डॉक्टरांकडे न्या.