खिडकीत खिडकी, डोक्याला ताप

झेफर, म्हणजे लिनक्सच्या डेस्कटॉपवर एका खिडकीत दुसरा डेस्कटॉप उघडू देणारा प्रोग्राम, सुरू केला की काय दिसतं? काळी खिडकी. जिवंत आहे की मेलाय, देव जाणे! आत विंडो मॅनेजर (खिडक्या मांडणारा, हलवणारा प्रोग्राम) आपणच सोडायचा, हे आपणच ओळखायचं म्हणे.

बरं, सोडला. तर 'कॅनॉट ओपन डिस्प्ले', म्हणजे पडदाच उघडत नाही. अरे, का नाही उघडत ते तरी सांग! डिस्प्लेचा नंबर चुकला की सर्व्हर, म्हणजे खुद्द झेफर, उठलाच नाही? दोन्हीला तीच ओरड.

आणि सगळं जुळलं तरी सुख आहे का? डिस्प्ले व्हेरिएबलला (कुठल्या पडद्यावर उघडायचं ते प्रोग्रामला सांगणारी नोंद) झेफरचा नंबर ':1' दिला, टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) हाक मारून बोलावलं, आणि महाशय उगवले बाहेरच्या डेस्कटॉपवर! का? तर त्याचा एक भाऊ तिथे आधीच चालू होता, त्यानेच परस्पर नवी खिडकी उघडली. मग डी-बस (प्रोग्रामांची आपसात बोलायची वाट) वेगळी द्या. दिली. आता वेलँड (पडद्यावर खिडक्या दाखवायची नवी पद्धत) आडवं आलं. 'वेलँड_डिस्प्ले' हे व्हेरिएबल पुसायचं राहिलं की जीटीकेवाले (त्या नावाच्या साधनसंचाने बनवलेले) प्रोग्राम आपल्या ':1'कडे ढुंकूनही बघत नाहीत. मग मी ते टाइप कशाला केलं? बोटांच्या व्यायामाला?

कळस पुढेच. आतल्या टर्मिनलमधून कॉपी करायला कंट्रोल-शिफ्ट-सी दाबावं, तर कंट्रोल-शिफ्ट म्हणजे झेफरला कीबोर्ड-माउस गिळायची आज्ञा! कॉपी राहिली बाजूला, माउस कोंडला गेला. जगात इतक्या कळा असताना हीच जोडी सापडली? बंद करायची सोय आहे म्हणा, झेफर सुरू करतानाच द्यायचा '-नो-होस्ट-ग्रॅब' हा पर्याय. पण ती शोधायला ब्राउझर बाहेर, आणि माउस आत!