खालिद जमीलबद्दल फिरणारा तो मेसेज

‘जो स्वतः धड खेळू शकला नाही, तो भारताच्या टीमला काय शिकवणार? आयझॉलचा चषक म्हणजे लॉटरी. बाकी नुसता डिफेन्स. कोच परदेशीच पाहिजे.’ संभाजीनगरात आमखास मैदानावर मी संध्याकाळी पोरांना फुटबॉल शिकवतो. ऑगस्ट २०२५ मध्ये भारताच्या फुटबॉल संघाचा कोच झालेल्या खालिद जमीलबद्दलचा हा मेसेज आमच्या ग्रुपवर तीनदा येऊन गेला, म्हणून लिहायला बसलो.

पहिलं वाक्यच घ्या. खालिद मिडफिल्डर होता. महिंद्रा युनायटेड, एअर इंडिया, मुंबई एफसी या क्लबांत खेळला, भारताची जर्सीही त्याने घातली. दुखापतींनी त्याचं खेळणं लवकर थांबवलं, हे खरं. पण त्यावरून त्याला शिकवता येत नाही, हे कुठून निघालं? २००९ मध्ये, बत्तिशीत, तो मुंबई एफसीचा कोच झाला आणि पैशाने लहान असलेला तो क्लब त्याने वर्षानुवर्षं आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या सर्वोच्च लीगमध्ये, टिकवून ठेवला. इटलीचा आरिगो साकी तर व्यावसायिक फुटबॉल कधी खेळलाच नाही, बूट विकायचा. त्याच्या मिलानने १९८९ आणि १९९० असे लागोपाठ दोन युरोपियन कप उचलले.

आमच्याकडे एक डावखुरा पोरगा होता. असा क्रॉस टाकायचा की समोरच्याने फक्त डोकं लावायचं. गुडघा गेला, खेळ सुटला. आता तो बारक्या पोरांना शिकवतो, डी लायसन्सच्या, म्हणजे कोच होण्याच्या पहिल्या पायरीच्या, कोर्सला जायचं म्हणतो. मेसेज वाचून मला म्हणाला, ‘सर, माझ्यासारख्यानं जाऊन काय उपयोग?’ माझा सगळा राग त्या एका प्रश्नापाशी आहे.

आता लॉटरी. २०१६-१७ ची आय-लीग अठरा सामन्यांची होती. खालिद तेव्हा मिझोरामच्या आयझॉल क्लबचा कोच होता. आयझॉल आदल्या हंगामात खाली घसरलेला संघ, गोव्याचे क्लब बाहेर पडले म्हणून पुन्हा आत आलेला. तिथे जयेश राणेसारखी मुंबईची पोरं होती, स्थानिक मिझो पोरं होती. २२ एप्रिलला त्यांनी घरच्या मैदानावर कोलकात्याच्या मोहन बागानला १-० हरवलं. ३० एप्रिलला शिलाँगमध्ये एका गोलने मागे पडूनही तिथल्या लाजोंग क्लबशी १-१ बरोबरी साधली. आयझॉल ३७ गुण, बागान ३६. ईशान्येतला क्लब पहिल्यांदाच देशाचा विजेता झाला. आणि खालिद जिथून निघाला होता ती मुंबई एफसी त्याच हंगामात तळाला जाऊन लीगबाहेर पडली. याला नशीब म्हणणाऱ्यांनी तो गुणतक्ता एकदा समोर ठेवावा.

डिफेन्सचा मुद्दा अर्धा मान्य. खालिदचे संघ मागे दाटीने उभे राहतात आणि चेंडू मिळाला की सुसाट सुटतात. कोलकात्याच्या ईस्ट बंगालसारख्या मोठ्या क्लबमध्ये त्याला लीग जिंकता आली नाही, हेही मान्य. पण २०२१ मध्ये नॉर्थईस्ट युनायटेड त्याने अर्ध्या हंगामात हाती घेतलं आणि साखळीतला एकही सामना न हरता उपांत्य फेरीत नेलं. तोवर आयएसएलमध्ये, म्हणजे इंडियन सुपर लीगमध्ये, कुठल्याही भारतीय कोचने हे केलं नव्हतं. २०२५ मध्ये जमशेदपूरही उपांत्य फेरीपर्यंत गेलं.

राहिला परदेशी कोच. ऑगस्ट २०२५ मध्ये खालिद आला आणि पहिल्याच सामन्यात भारताने ताजिकिस्तानला त्यांच्याच देशात २-१ हरवलं. पुढे आशिया चषकाच्या पात्रता फेरीत सिंगापूरशी १-१, मडगावात त्यांच्याचकडून १-२, ढाक्यात बांगलादेशकडून ०-१. आपण बाहेर पडलो, आणि या सामन्यांची जबाबदारी खालिदचीच. पण त्याआधी याच पात्रता फेरीत बांगलादेशशी घरच्या मैदानावर ०-० आणि हाँगकाँगकडून ०-१, हे आधीचा कोच, स्पेनच्या मानोलो मार्केझच्या हाताखाली झालं. दोन सामने, एक गुण. तो हिशेब खालिदच्या वहीत लिहू नका.