एक तारा मिळालेल्या रिव्ह्यूला आमचं उत्तर: बूम कचरा अडवतो, उचलत नाही

नमस्कार साहेब,

तुम्ही एक तारा दिलात आणि लिहिलंत, "तरंगता बूम पहिल्याच पुरात तुटला, सगळं केंदाळ जाळीवर, मशीन ट्रिप. सर्व्हिसवाले आले ते काठावर उभे राहून फोटो काढून गेले. पैसे पाण्यात." तुमचा राग कळतो. नदी दुथडी भरून वाहतेय आणि युनिट बंद, याहून वाईट दिवस छोट्या वीजगृहवाल्याला नसतो. पण हा रिव्ह्यू वाचून बाकीचे लोक बूम म्हणजे काय याबद्दलच गैरसमज करून घेतील, म्हणून जरा लांबण लावतोय. बूम म्हणजे वरून येणारा कचरा अडवायला नदीत काठापासून काठापर्यंत दोरानं बांधलेली फ्लोटची तरंगती माळ. आणि जाळी म्हणजे वीजगृहात पाणी शिरतं त्या तोंडावरची, म्हणजे इंटेकवरची.

आधी तुटण्याचं. तुम्ही टाकलेल्या दुसऱ्या फोटोत डाव्या काठाचं अँकर स्वच्छ दिसतंय. तिथे दोराचं टोक दुमडून तीन यू-क्लॅम्प आवळलेत. आम्ही दिलेल्या दोराच्या टोकाला थिंबल (दोर घासू नये म्हणून डोळ्यात बसवलेली धातूची खोबण) असतं आणि डोळा मशीनवर दाबलेल्या फेरूलनं, म्हणजे धातूच्या नळीनं, बंद केलेला असतो. क्लॅम्प आमच्याकडून जातच नाहीत. त्यातही ते उलटे बसलेत. क्लॅम्पचा यू दोराला चावतो, म्हणून तो मोकळ्या टोकावर यायला हवा आणि ताण घेणाऱ्या दोराखाली क्लॅम्पचा रुंद भाग. फोटो मोठा करून बघा, दोरातल्या तारा नेमक्या यूच्या खालीच तुटल्यात. फ्लोट, शॅकल (जोडकडी), साखळी, सगळं शाबूत आहे.

हे क्लॅम्प आले कुठून? बूम ढिला दिसतो म्हणून चेन ब्लॉक लावून दोर ओढला, जादाचा कापला आणि पुन्हा बांधला, असं तुमच्याच ऑपरेटरनं सांगितलं. (त्याला कृपया बोलू नका. तो खरं बोलला म्हणून निदान कारण तरी कळलं.) तो ढिलेपणा आम्ही मुद्दाम ठेवला होता. ड्रॉइंगवर झोळ लिहिलेला आहे: दोन काठांमधल्या अंतराचा दहावा भाग, म्हणजे तुमच्याकडे 60 मीटरला 6 मीटर. तो निम्मा केला की त्याच पाण्यात दोरावरचा ताण जवळजवळ दुप्पट होतो. पुरात पाण्याचा वेग दुप्पट झाला की पाण्याचा जोर चौपट. दोन्ही एकदम झालं तर जवळजवळ आठपट. तंग बांधलेल्या दोरीवर ओली गोधडी टाकून बघा, दोरीच्या आधी खिळा निघतो. शिवाय पाणी चढलं की बूमला वर यायला लांबी लागते, ती झोळातूनच मिळते.

आता केंदाळाचं, म्हणजे जलपर्णीचं. आपल्याकडे उन्हाळाभर प्रत्येक कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यामागे केंदाळ साचतं. पावसाळ्याच्या तोंडावर बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) काढले की वरच्या सगळ्या बंधाऱ्यांचा माल एकदम खाली सुटतो, सोबत उसाचं पाचट, बांबू, थर्माकोल, निर्माल्याच्या पिशव्या. बूम तिरका बांधतात तो यासाठीच, की कचरा समोर थांबू नये, प्रवाहानंच सरकत एका काठाला जावा. तुमच्याकडे तो उजवा काठ. तिथे मशीन उतरायला रॅम्प आणि कचरा उपसायला काट्यांची बादली, हे दोन्ही आमच्या कोटेशनमध्ये होतं. "सिव्हिलचं आम्ही बघतो" म्हणून ते तुमच्या ऑफिसनं वगळलं. खर्च वाचवणं हा तुमचा हक्कच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण रॅम्प झाला नाही, उपसा झाला नाही, आणि आमचा माणूस पोचला तेव्हा हिरवी चादर अर्ध्या नदीपर्यंत आली होती. केंदाळात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. मानवेल अशा पाण्यात ते दोनेक आठवड्यांत दुप्पट होतं. त्या चादरीखालून वाहणारं पाणी तिला पुढे ओढत असतं आणि ती सगळी ओढ दोरावर येते.

हा काही आपल्याच नदीचा त्रास नाही. 2020 च्या एप्रिलमध्ये युगांडात, व्हिक्टोरिया सरोवरातून नाईल निघते तिथल्या नालुबाले वीजकेंद्रात वनस्पतींचं एक तरंगतं बेटच येऊन अडकलं आणि देशाच्या मोठ्या भागात अंधार झाला. बोस्नियात विशेग्राद धरणाच्या वरच्या अंगाला द्रीना नदीवर बूम आहे. दर हिवाळ्यात पुराबरोबर हजारो घनमीटर कचरा तिथे साचतो आणि माणसं, होड्या, क्रेन लावून तो उपसावा लागतो. तिथेही बूम कचरा नुसता धरून ठेवतो.

"बूम असूनही जाळीवर कचरा" हे तुटण्याआधीही थोडंफार होणारच होतं. बूमखाली लोंबणारा पडदा अर्धाच मीटर खोल. भिजून जड झालेलं लाकूड, पोती, पॉलिथिन त्याच्या खालून जातात. ते अडवायचं काम जाळीचं आणि साफ करायचं काम रेकचं, म्हणजे जाळीवरचा कचरा ओढून काढणाऱ्या दाताळ्याचं. जाळीच्या पुढे आणि मागे पाण्याची पातळी मोजायला एकेक पट्टी लावा, खर्च किरकोळ आहे. तुमचा हेड, म्हणजे पाणी पडण्याची उंची, 12 मीटर. दोन पट्ट्यांत अर्ध्या मीटरचा फरक पडला की चार टक्के वीज गेलीच, ट्रिप व्हायची वाट कशाला बघायची? आणि जाळी पूर्ण चोंदली तर वीज जाण्यापुरतं राहत नाही, पाण्याच्या दाबानं जाळीच वाकते.

राहिला सर्व्हिसचा मुद्दा. आमची माणसं काठावर उभी राहिली ती माझ्या सांगण्यावरून. नदीला पूर, तुमचं दुसरं युनिट चालू, आणि इंटेकसमोर होडी घालायची? लाइफ जॅकेट असलं तरी नाही. दोन्ही युनिट बंद करून गेट टाकल्याचं लेखी द्या, असं त्यांनी मागितलं, ते मिळालं नाही. उद्या पुन्हा तोच प्रसंग आला तरी मी हेच सांगेन, मग तुम्ही आणखी एक तारा काढून घेतलात तरी चालेल.

यापुढचं असं. नवा दोर आम्ही खरेदीच्या दरात देतो, बांधायची मजुरी घेत नाही. मात्र झोळ ड्रॉइंगप्रमाणेच राहील आणि काठावरचा रॅम्प मे संपायच्या आत झालेला असेल, या दोन अटींवर. रॅम्प तुमच्या कॉन्ट्रॅक्टरकडूनच करून घ्या, मापं आम्ही देतो. उपसलेलं केंदाळ टाकायला नदीपासून लांबची जागाही आत्ताच बघून ठेवा, नाहीतर पुढच्या पुरात तेच परत पाण्यात.

आणि तो तुटलेला दोर अजून साइटवर असेल तर भंगारात घालू नका. क्लॅम्पसकट हातभर तुकडा कापून कुरियरनं पाठवा, भाडं आम्ही देऊ. तुमच्या माणसासमोर टेबलावर उघडून बघू. माझं म्हणणं चुकीचं निघालं तर दोराचेही पैसे घेणार नाही, आणि तसं इथेच लिहीन.