प्रतिक्रियेला उत्तर: ‘कमी स्पर्धा’ असलेला नीश खरंच सोपा असतो का?

नमस्कार,

ऑनलाइन दुकानासाठी नीश, म्हणजे विकायचा नेमका विषय आणि गिऱ्हाईक, कसा निवडावा या माझ्या लेखावरच्या सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. तुमचे आक्षेप दोन आहेत. गर्दीच्या बाजारात उतरायला सांगून मी नवख्यांना बुडवतो आहे, त्यापेक्षा कीवर्ड प्लॅनरमध्ये (शोधशब्दांची माहिती देणारं गूगलचं जाहिरात-साधन) ‘स्पर्धा: कमी’ दिसेल तो नीश धरावा, हा पहिला. आवडीला लेखात जागाच दिली नाही, हा दुसरा.

कीवर्ड प्लॅनरमधला तो रकाना जाहिरातदारांची गर्दी दाखवतो. त्या विषयात दुकानं किती, लेख किती, हे त्यातून कळत नाही. तिथे ‘कमी’ दिसलं तर एक तर कुणाचं लक्ष गेलेलं नाही, किंवा अनेकांनी पैसे लावून पाहिले आणि ते परत आले नाहीत. माझ्या मते बहुतेक वेळा दुसरंच खरं असतं.

त्याऐवजी तिथेच दिसणारी, शोधनिकालांच्या पानावर वरची जाहिरात-जागा मिळवायला एका क्लिकमागे द्यावी लागणारी बोली बघा आणि आपला हिशेब तिच्याशेजारी मांडा. समजा, ऑर्डर १०० ची. माल ४०, पॅकिंग आणि पोचवणं १५, पेमेंट गेटवे ३, परत येणाऱ्या किंवा फुटणाऱ्या मालासाठी ७. उरले ३५. दुकानात येणाऱ्या शंभरातले दोन जण घेतात असं धरलं, तर एका ऑर्डरमागे ५० क्लिक लागतात. म्हणजे एका क्लिकला ०.७० च्या वर गेलात की तोटा. बोली ०.९० असेल तर स्पर्धा ‘कमी’ असूनही तो नीश तुमच्यासाठी बंद आहे. तोच ग्राहक वर्षात आणखी दोनदा जाहिरातीशिवाय परत आला, तर मर्यादा २.१० वर जाते. मात्र जाहिरातीचा खर्च आज होतो आणि त्या दोन ऑर्डरींचे ७० नंतर येतात. हिशेब बरोबर असूनही दुकानं बंद पडतात ती बऱ्याचदा मधल्या काळात भांडवल संपल्यामुळे.

म्हणून मी सांगतो, बाजार गर्दीचा घ्या, पण गिऱ्हाईक अरुंद करा. ‘मत्स्यटाकीचं साहित्य’ नको, छोट्या टाकीत शोभेची कोळंबी पाळणारे घ्या. त्यांची अडचण नेमकी असते: पिल्लं फिल्टरच्या तोंडातून आत ओढली जातात, तांब्याचा अंश असलेलं औषध चालत नाही, आरओच्या पाण्यात क्षार परत घालावे लागतात. फिल्टरच्या तोंडावर बसवायचा स्पंज हलका, न फुटणारा. क्षार संपतात, पुन्हा मागवावे लागतात. जिवंत कोळंबी मात्र सुरुवातीला विकू नका. वाटेत मेली तर नफा गेलाच, वर परतावाही द्यावा लागतो.

गूगल ट्रेंड्सच्या, म्हणजे एखादा शब्द किती शोधला जातो ते दाखवणाऱ्या आलेखाबद्दलही थोडं, कारण तुम्ही त्याचा दाखला दिला आहे. तिथला १०० हा शोधांचा आकडा नसून निवडलेल्या काळातला सर्वोच्च बिंदू असतो. दोन शब्द वेगवेगळ्या आलेखांत पाहून तुलना होत नाही, एकाच आलेखात घाला. कालावधी ५ वर्षांचा ठेवा; १२ महिन्यांच्या आलेखात हंगामी उसळीच वाढ वाटते.

आवडीचं म्हणाल तर ती विषयात टिकून राहायला आणि ग्राहकाच्या प्रश्नाला नीट उत्तर द्यायला उपयोगी. वरचे आकडे तिने बदलत नाहीत.

माल भरण्याआधी एकच वस्तू, एकच पान आणि नेमक्या जुळणीचे शब्द (म्हणजे त्याच अर्थाचा शोध घेतला तरच जाहिरात दिसेल असे) घेऊन छोटी जाहिरात चालवा. सैल जुळणी ठेवलीत तर कोळंबीची पाककृती शोधणारे क्लिक करतील आणि पैसे तुमचे जातील. ३० क्लिकांत ऑर्डर नाही म्हणून घाबरू नका. १०० भेटींत शून्य ऑर्डर आल्या तरी घेणाऱ्यांचा खरा दर ३ टक्क्यांपर्यंत असू शकतो. १५० भेटींतही शून्यच असेल, तर वरचं २ टक्क्यांचं गणित बहुधा जमणार नाही. वस्तू किंवा गिऱ्हाईक बदला. आणि ईमेल देणाऱ्यांची संख्या मागणी म्हणून धरू नका. पोचवण्याच्या खर्चासह पूर्ण किंमत दिसल्यावरही ‘मागवा’ दाबणारे तेवढे मोजा. माल हाताशी नसेल तर तिथेच तसं स्पष्ट लिहा आणि पैसे घेऊ नका.