जॉन मॅकेन्झी यांनी जमीनदारांच्या जमिनी खरोखरच जप्त केल्या होत्या का?

न्यूझीलंडचे १८९१ ते १९०० या काळातील जमीनमंत्री जॉन मॅकेन्झी यांच्याविषयी एक गोष्ट वारंवार सांगितली जाते. स्कॉटलंडमध्ये जमीनदाराने घराबाहेर काढलेला हा मेंढपाळ पुढे मंत्री झाला आणि त्याने बड्या जमीनदारांच्या जमिनी जप्त करून गोरगरिबांना फुकट वाटल्या, अशी ती गोष्ट. ऐकायला ती छान आहे, पण तिच्यातले एकेक विधान तपासू लागलो की ती टिकत नाही.

पहिले विधान बेदखलीचे. मॅकेन्झी यांचे वडील रॉस परगण्यातील बऱ्यापैकी सुस्थितीतले कूळ होते. बेदखल झाली ती ग्लेनकाल्वी खोऱ्यातील कुळे. १८४५ मध्ये त्यांनी क्रोइक इथल्या चर्चच्या आवारात उघड्यावर आसरा घेतला आणि चर्चच्या खिडकीच्या काचांवर बाहेरून अक्षरे कोरली, ज्यांत त्यांनी स्वतःलाच ‘दुष्ट पिढी’ म्हटले आहे. लहानग्या मॅकेन्झींनी ही माणसे पाहिली आणि जमीनदारीविषयीचा त्यांचा राग तिथून सुरू झाला, असे सांगितले जाते. ते खरे मानले, तरी ते साक्षीदार ठरतात, बळी नव्हेत. १८६० मध्ये ते पत्नीसह न्यूझीलंडमधील ओटागो प्रांतात आले, मेंढपाळ म्हणून राबले, शॅग खोऱ्यात स्वतःची शेती उभी केली आणि १८८१ मध्ये संसदेवर निवडून गेले.

दुसरे विधान जप्तीचे, आणि ते तर साफ चुकीचे आहे. न्यूझीलंडमधील ज्या चेव्हियट जहागिरीचा दाखला नेहमी दिला जातो, ती सुमारे ८४ हजार एकर जमीन सरकारने १८९३ मध्ये रोख मोजून विकत घेतली. जमीनकरासाठी सरकारने ठरवलेले मूल्य जास्त आहे, तेव्हा ते कमी करा नाही तर जमीनच विकत घ्या, असे खुद्द जहागिरीच्या विश्वस्तांनीच सुनावले होते. सक्तीने खरेदी करण्याचा अधिकार १८९४ च्या कायद्याने आला, पण तो क्वचितच वापरावा लागला, कारण शीतगृहाची सोय असलेल्या जहाजांमुळे मांस आणि लोणी थेट ब्रिटनला जाऊ लागले होते, त्यामुळे छोटी शेतीही फायद्याची झाली होती आणि जमिनीचे तुकडे करून विकणे मालकांनाही परवडत होते.

‘फुकट’ या शब्दाचा निकाल थोडक्यात लावता येतो. १८९२ च्या कायद्यातील ९९९ वर्षांच्या पट्ट्यावर शेतकरी जमिनीच्या मूळ किमतीच्या ४ टक्के खंड दरसाल भरत असे. पट्टा कितीही लांब असला, तरी तो सरकारचे कूळच राहिला.

आता या गोष्टीत कधीच न येणारा भाग. मॅकेन्झी यांच्या लिबरल पक्षाच्या राजवटीत, १८९१ ते १९११ या काळात, जहागिरींची जी जमीन शेतकऱ्यांना वसवण्यासाठी घेतली गेली, ती सुमारे १३ लाख एकर होती. न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांकडून, म्हणजे माओरींकडून, मात्र सुमारे ३१ लाख एकर विकत घेतली गेली. मॅकेन्झी त्यांतील पहिली नऊ वर्षे जमीनमंत्री होते आणि माओरींची जमीन पडीक राहते, अशी त्यांची पक्की समजूत होती. १८९४ मध्ये माओरी जमीन विकत घेण्याची मक्तेदारी सरकारने पुन्हा आपल्याकडे घेतली. दुसरे गिऱ्हाईकच उरले नाही, तेव्हा भाव सरकार म्हणेल तो. जहागीरदाराला मूल्यावरून सरकारशी घासाघीस करता आली, माओरी विक्रेत्यापुढे तो मार्गही नव्हता.