डाव्या बोटाचा वायपर

डोळ्याला पापणी आहे. मिनिटाला पंधरा-वीस वेळा ती आपणहून फिरते, बुबुळ पुसते आणि कुरकुरत नाही. इतकी सोय असलेल्या डोळ्यांपुढे आपण चष्मा लावतो, चष्म्यापुढे हेल्मेटची काच पाडतो आणि तिच्याही पुढे बाईकला विंडशील्ड बसवतो. कोरड्या दिवशी हे सगळं रुबाबदार दिसतं. पाऊस आला की हिशेब मांडावा लागतो: तीन काचा, प्रत्येकीला दोन बाजू, झाल्या सहा. रस्ता दिसायचा तर सहाच्या सहा साफ हव्यात, आणि पापणी एकीलाही नाही.

मोटारीला आहे. मेरी अँडरसन या अमेरिकन बाईंना न्यूयॉर्कच्या ट्राममध्ये बसल्या असताना चालकाचे हाल बघवले नाहीत म्हणे. १९०३ साली त्यांनी काच पुसणाऱ्या दांडीचं पेटंट घेतलं. त्या दिवशी बाईंना खिडकीतून एखादा भिजलेला मोटारसायकलवाला दिसला असता तर आज आमचं भलं झालं असतं. नंतर कोणी प्रयत्न केलेच नाहीत असं नाही. होंडाच्या गायरो कॅनोपी या तीनचाकी स्कूटरला वायपर मिळाला, २००० साली आलेल्या बीएमडब्ल्यूच्या सी-१ लाही मिळाला. पण दोन्हींना डोक्यावर छप्पर होतं. थोडक्यात, वायपर हवा असेल तर आधी घर बांधा.

बिनघराच्या माणसाकडे उरतं डावं बोट. उजवा हात थ्रॉटलवर, त्यामुळे पुसायचं काम डाव्याकडे. काही हातमोज्यांच्या डाव्या बोटावर रबराची बारीक पट्टीही असते, खास याच कामासाठी. कल्पना उत्तम. अडचण एवढीच, की गर्दीत काच सर्वांत जास्त पुसावी लागते आणि नेमका तेव्हाच डावा हात क्लचवर अडकलेला असतो. मोकळ्या रस्त्याला लागलं की हात सुटतो, पण तिथे त्याला कोणी विचारत नाही. वेग वाढला की वाराच थेंब सरकवत नेतो. मान जराशी तिरकी करायची, की थेंब रांगेनं कडेला पळतात. (मागून येणाऱ्याला वाटतं, हा कोणाला तरी नकार देतोय.)

आता गंमत पाहा. काच साफ करणारा हा फुकटचा वारा अंगावर येऊ नये म्हणून आपण पैसे मोजून विंडशील्ड लावतो. तिच्या आडोशाला हवा कशी निवांत असते, आणि त्या निवांत हवेत हेल्मेटच्या काचेवरचे थेंबही निवांत बसून राहतात. शिवाय विंडशील्डमधून नव्हे, तिच्यावरून बघायचं असतं. वरची कड डोळ्यांच्या रेषेखाली, नाकाच्या आसपास आली म्हणजे नजर मोकळी राहते. मी तशीच बसवून घेतली आहे. आता विंडशील्डवर पडलेलं पाणी वाऱ्यानं वर चढतं, कडेवरून उडी मारतं आणि थेट माझ्या डोळ्यांसमोर उतरतं. पाऊस पडतो तो वेगळाच.

ही झाली बाहेरची बाजू. आतली तर घरभेदी. श्वास गरम आणि दमट, काच पावसानं गार पडलेली. वाफ काचेला टेकली की तिचे सूक्ष्म थेंब होतात, ते प्रकाश वाटेल तसा उधळतात आणि समोरचा ट्रक म्हणजे एक राखाडी शक्यता होऊन बसते. गाडी चालती असताना काच एका खाचेनं उघडी ठेवली तर हवा खेळते आणि वाफ जाते. त्याच फटीतून पाऊसही आत येतो आणि चष्म्यावर बसतो. सिग्नलला तर वाराच नाही. मग मी तोंड मिटून, श्वास रोखून हिरव्या दिव्याची वाट बघतो.

"अहो, मी काहीतरी विचारतेय," मागून बायको.

मी मान हलवतो.

"रागावलात का?"

पुन्हा मान.

"मग बोला की!"

"नाही रागावलो," म्हणेपर्यंत काच पांढरीशुभ्र होते आणि दिवा हिरवा झाल्याचं मला मागच्या हॉर्नवरून कळतं.

यावर उपाय सांगणाऱ्यांची कधीच टंचाई नसते. भांडी घासायचा साबण, दाढीचा फेस, बटाट्याची चकती, गाडीचं पॉलिश. एक मित्र म्हणाला, "अरे, पाणबुडे मास्कमध्ये चक्क थुंकतात, तू पण थुंक." पाणबुडे थुंकतात हे खरंच आहे आणि त्यामागे शास्त्रही आहे. साबण काय किंवा थुंकी काय, काचेवर तिचा पातळ थर बसला की पाण्याचा ताण कमी होतो, थेंब न होता पाणी सपाट पसरतं आणि आरपार दिसतं. आतल्या बाजूला हेच हवं. बाहेर मात्र बरोबर उलटं: तिथे पाणी पसरता कामा नये, गोल थेंब होऊन घरंगळून गेलं पाहिजे. म्हणून बाहेर मेण नाहीतर पॉलिश. म्हणजे जेमतेम दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या एका तुकड्याला बाहेरून पाण्याशी वैर आणि आतून सलगी शिकवायची. एवढी मुत्सद्देगिरी मला नातेवाइकांतही जमलेली नाही. आणि उपाय सांगणारा उत्साहात सगळं सांगतो, फक्त कुठल्या बाजूला लावायचं तेवढं विसरतो.

त्यात ही काच काच नसतेच. ती असते पॉलीकार्बोनेट. फुटता फुटत नाही, पण चरे मात्र चटकन घेते. म्हणून टूथपेस्टवाल्या सल्लागारांपासून दूर राहावं. पेस्टमध्ये घासणारी बारीक पूड असते. अमोनियावाला काचेचा स्प्रेही नको, तो वरचा संरक्षक लेप खराब करतो. चिखल सुकलेली काच बाहीनं पुसणं तर पॉलिश पेपरनं पुसण्यासारखंच. आधी पाण्यानं भिजवायची, मऊ कापडानं हलकेच टिपायची. या चऱ्यांची वसुली रात्री होते. समोरून दिवे आले की प्रत्येक थेंब आणि प्रत्येक चरा आपापलं नक्षत्र काढतो, आणि त्या तारांगणात पांढरा पट्टा कुठला हे अंदाजानं ठरवावं लागतं. रात्री पावसात काळी काच लावून फिरणाऱ्यांच्या धैर्याबद्दल मी काही बोलणार नाही. ते कुठे चाललेत हे त्यांनाही दिसत नसतं.

सगळ्या जुगाडांनंतर माझं मत एकाच वस्तूबद्दल चांगलं आहे: पिनलॉक. मुख्य काचेच्या आत बसणारी दुसरी पातळ काच, कडेनं सिलिकॉनची किनार आणि मध्ये कोंडलेली हवा. त्या हवेमुळे आतली काच गार पडत नाही आणि वाफही धरत नाही. फक्त किनार नीट टेकलेली हवी. नाहीतर पाणी दोन काचांच्या मध्ये शिरतं, आणि तिथे बोट, बाही, थुंकी, कशाचाच हात पोचत नाही. शिवाय चष्म्याला पिनलॉक नसतं. आणि हो, मोजायला दोन बाजू वाढल्या. आता आठ.

शर्यतीतले लोक काचेवर पातळ फिल्मचे थर चिकटवतात आणि घाण झाली की वरचा थर ओढून फेकून देतात. मी हे घरी सांगून पाहिलं. रस्त्यात कचरा टाकायचा नाही, असं उत्तर आलं.

परवा सिग्नलला शेजारी एक मोटार थांबली. आतल्या गृहस्थांनी माझी अवस्था बघून खिडकी चार बोटं खाली केली आणि आपुलकीनं म्हणाले, "काका, सावकाश जा हं, समोरचं काही दिसत नाहीये." मी आभार मानायला काच वर केली, तेवढ्यात त्यांच्या वायपरनं बाजूला झटकलेलं पाणी फटकन माझ्या चष्म्यावर आलं. खिडकी वर गेली. बायकोनं मागून विचारलं, "कोण होते हो ते?"

"दिसले नाहीत," मी म्हणालो.