'स्पष्टवक्ता' यांना उत्तर : पीएमचे दोन तास आणि एक कप चहा

नमस्कार स्पष्टवक्ता,

तुमची प्रतिक्रिया शनिवारी रात्री वाचली. रविवार मुद्दामच जाऊ दिला, कारण लगेच लिहायला बसलो असतो तर नको ते लिहिलं गेलं असतं. प्रतिक्रिया काढून टाका असं दोघांनी सुचवलं, पण मी ती काढलेली नाही. वाचू देत सगळ्यांना.

ज्यांनी ती पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. रंगीत कॉपियरचं पीएम (बिघाड नसतानाही मुदतीने करायची देखभाल) दर ठरावीक कॉप्यांनी करावं आणि त्याला दोन तास द्यावेत, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं : हे एएमसी (वार्षिक देखभालीचा करार) विकायचं खूळ आहे. पीएम झाल्यावर आठवड्याभरात जॅम, म्हणजे कागद अडकणं, उलट वाढतात. ठरावीक मुदतीने पार्ट बदलून बहुतेक बिघाड टळत नाहीत, हे विमानवाल्यांच्या १९७८ सालच्या अहवालात आलेलं आहे. चार ड्रम (एकेका रंगाची छाप तयार करणारे दंडगोल) म्हणजे चौपट झीज हे माझं गणित चूक आहे. आणि शेवटचं वाक्य : "दोन तासांच्या नावाखाली ही मंडळी ब्लोअर मारतात, चहा पितात आणि सही घेऊन जातात."

आधी गणित. तिथे तुम्ही बरोबर आहात. बऱ्याच मशीनमध्ये नुसती काळी प्रिंट निघत असताना छाप कागदापर्यंत नेणारा बेल्ट रंगीत ड्रमपासून बाजूला होतो, त्यामुळे ते तीन ड्रम तेवढे झिजत नाहीत. मी घाईत सरसकट लिहून गेलो. लेखात दुरुस्ती केली आहे. सांगितलं की आम्ही ऐकतो हो, पण सांगायची काही रीत असते.

आता चहा.

मी १९९८ पासून या धंद्यात आहे. लूनाच्या पायाशी टूलबॅग ठेवून सदाशिव पेठेतून भोसरीपर्यंत कॉल केले आहेत. टोनर (शाईची भुकटी) लागलेला शर्ट गरम पाण्यात टाकायचा नसतो, टोनर कापडात वितळून बसतो, हे माझ्या आईला लग्नाआधी आणि बायकोला लग्नानंतर शिकवावं लागलं. हे सगळं सही घेऊन जाण्यासाठी केलं, असं तुम्हाला वाटतं?

दोन तास कुठे जातात ते ऐका. चालू मशीनमधला फ्यूजर, म्हणजे टोनर कागदावर वितळवून बसवणारा भाग, दीडशे-दोनशे अंशांच्या घरात तापलेला असतो. मशीन बंद केलं म्हणून लगेच हात घालता येत नाही. तो निवेपर्यंत चारही ड्रम बाहेर काढायचे आणि काळ्या कापडात गुंडाळून ठेवायचे, कारण उजेडाने ड्रम खराब होतो. सांडलेला टोनर ओढून घ्यायला टोनरचाच व्हॅक्यूम लागतो. घरच्या व्हॅक्यूममध्ये ही भुकटी फिल्टरमधून आरपार जाते. राहिला ब्लोअर. ब्लोअर मारला की टोनर जातो काचेवर, पंख्यात आणि सेन्सरवर. तुमच्याकडे कुणी ब्लोअर मारत असेल तर त्याला मीही हाकलला असता. पण त्याचं बिल माझ्या नावावर फाडू नका.

मग ड्रमवर उरलेला टोनर खरवडणारं ब्लेड, बेल्ट, रोलर. मग मशीन चालू करून तापू द्यायचं, रंगांचं रजिस्ट्रेशन जुळवायचं (चारही रंग एकावर एक नेमके आणायचे), ग्रेडेशनचं, म्हणजे फिक्या-गडद छटांचं, पान काढून तेच पान काचेवर उलटं ठेवून स्कॅन करायचं, आणि रंग बसेपर्यंत पुन्हा. या सगळ्यात फ्यूजर निवण्याची वाट बघताना तुमच्याच शिपायाने आणून दिलेला चहा मी पितो. हो, पितो. पुढच्या वेळी घरून थर्मास आणीन.

"चालू मशीन उघडायचं कशाला" हेही तुमचंच वाक्य. असंच एक साहेब मला म्हणाले होते. सीएचं ऑफिस, नाव सांगत नाही. जानेवारीतलं पीएम त्यांनी दोनदा पुढे ढकललं. ३० मार्चला संध्याकाळी फोन : प्रत्येक पानावर वरून खालपर्यंत गुलाबी रेघ. मॅजेन्टाच्या ड्रमचं ब्लेड कडक झालं होतं आणि टोनर त्याच्या खालून निसटत होता. पार्ट मिळेपर्यंत रात्रीचे साडेनऊ, निघालो तेव्हा दीड. त्या रात्री मात्र चहा कुणी विचारला नाही.

विमानांबद्दल एवढंच म्हणतो की विमानाला पिकअप रोलर, म्हणजे ट्रेमधला कागद ओढणारा रबरी रोलर, नसतो. मशीनमधला इलेक्ट्रॉनिक बोर्ड कधी उडेल हे कुणी सांगू शकत नाही, त्याला मुदतीचा उपयोग नाही, तेवढ्यापुरते विमानवाले बरोबर. पण रबराचं तसं नाही. नव्या रोलरवरून बोट फिरवलं की खरखर लागते. जुना रोलर चिंचोक्यासारखा गुळगुळीत आणि चकचकीत होतो, कागदावरून नुसता घसरतो. त्यात जुलैचा महिना आणि उघडं पडलेलं दमट रिम असेल तर तुमचा अहवाल ट्रेखाली घडी करून ठेवा.

एएमसी विकण्याचा आरोप मनावर घेत नाही. माझे बहुतेक करार पर कॉपी, म्हणजे निघालेल्या पानांमागे पैसे, असे आहेत, त्यात पार्ट माझ्या खिशातून जातात आणि मशीन बंद पडलं की माझाच काउंटर थांबतो. मग पीएम करून मी लुबाडतो कुणाला?

पीएमनंतर जॅम वाढतात म्हणता, त्यावर कधीतरी स्वतंत्र लिहीन. हात कच्चा असला की होतं. २००३ साली माझ्याकडूनही वेस्ट टोनरची बाटली नीट बसली नव्हती आणि एका डॉक्टरांच्या केबिनमधला गालिचा काळा झाला. पण एका प्रसंगावरून नियम काढायचा नसतो.

आणि टोपणनावामागे बसून स्पष्ट बोलायला फार धैर्य लागत नाही. 'स्पष्टवक्ता सुखी भवेत्' म्हणतात. तुम्ही सुखी असाल, मशीनचं माहीत नाही.

तरीही मदत करायची तयारी आहे. मशीनचं मॉडेल, टोटल काउंटर आणि काळ्या-रंगीत कॉप्या वेगवेगळ्या, एवढं कळवा. तुमच्याकडे पाऊण तासात पीएम उरकणाऱ्याने ग्रेडेशनचं पान काढलं होतं का, तेही विचारून घ्या. काढलं असेल तर ते पान मशीनच्या समोरच्या दारात आतल्या बाजूला खोचलेलं सापडेल, आम्ही तिथेच ठेवतो.